साहेबांना आवडेल असा अहवाल

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा निकाल अभ्यासिकेतल्या पोरांकडून आधीच कळला होता, फोन नंतर आला. दोन्ही लेखी टप्पे आणि मुलाखत पार करून आयबीत, म्हणजे केंद्राच्या देशांतर्गत गुप्तचर खात्यात, सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी म्हणून लागणं ही खायची गोष्ट नाही. पेढे पोचले. पण पेढे देताना जिन्यात उभ्या उभ्या तू जे विचारलंस, त्याचं उत्तर जिन्यात देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र. मैत्रिणी म्हणतात, आता तू सत्तेवर बसलेल्यांसाठी लोकांचे फोन ऐकणार. वडील म्हणतात, देशसेवा आहे, नसत्या शंका काढू नकोस. दोघांपैकी एकाचं तरी खरं असणार, असं तुला वाटतंय.

माझ्या अंदाजाने दोघांनीही आयबीचा एकही अहवाल पाहिलेला नाही. मीही फार पाहिलेत असं नाही. माझी नोकरी राज्य पोलिसांची, त्यातली बरीच वर्षं जिल्हा विशेष शाखेत गेली. आयबीवाले आमच्याकडे यायचे, चहा घ्यायचे, आमची माहिती वहीत उतरवून न्यायचे आणि स्वतःकडची द्यायची वेळ आली की पावसापाण्याच्या गप्पा मारायचे. (कुठल्याही राज्याच्या पोलिसाला विचार, हेच सांगेल.) तेव्हा आतलं गुपित माझ्याकडे नाही. पण अहवाल कसा तयार होतो आणि कुठे वाकतो, हे मी खालच्या पायरीवरून पाहिलंय. वरच्या पायऱ्यांवर काही निराळं घडतं, असं निदान माझ्या वाचनात तरी आलेलं नाही.

गर्दीचंच घे. प्रत्येक पोलीस ठाण्यात गोपनीयचं काम बघणारा एखादा अंमलदार असतो. साधे कपडे, खिशात छोटी वही. मोर्चा, सभा, उपोषण, उरूस, पुतळ्याचं अनावरण, सगळीकडे हा हजर. कोण बोललं, काय बोललं, किती लोक होते, पुढचा कार्यक्रम काय, हे संध्याकाळपर्यंत जिल्ह्याला कळवायचं. आमच्याकडचा एक जुना हवालदार यात इतका तयार होता, की मोर्चा कलेक्टर कचेरीकडे वळताना रस्ता जिथे अरुंद होतो तिथल्या पानटपरीशी उभा राहायचा, मिनिटाला किती डोकी पुढे सरकतात ते मोजायचा आणि घड्याळाने गुणायचा. त्याच्या आणि आयोजकांच्या आकड्यात चौपटीचा फरक असे, आणि बरोबर हवालदार असे. तो आकडा वर जाताना मात्र त्याचं काहीतरी व्हायचं. सत्ताधाऱ्यांची सभा असली की मांडवातल्या खुर्च्या मोजल्या जायच्या, मागच्या रिकाम्या रांगांसकट. विरोधकांची असली की फक्त बसलेली डोकी, आणि त्यातूनही 'बघे' वजा. कोणी कोणाला हुकूम दिलेला नसे. फोनवर एवढंच विचारलं जाई, "एवढे? नक्की?" दुसऱ्यांदा "नक्की?" आलं की हवालदार समजून जाई. सरकार बदललं की वजाबाकी दुसऱ्या पक्षाच्या वाट्याला येई. हवालदार तोच, टपरी तीच.

यंत्रणेचं राजकीयीकरण म्हणून ज्याच्या नावाने सगळे ओरडतात, ते बहुतेक वेळा या रीतीने होतं. वाचणाऱ्याला काय रुचतं ते लिहिणाऱ्याला कळतं, आणि मागायच्या आधीच तो ते पानात वाढतो. सिनेमातल्यासारखा मंत्री मध्यरात्री फोन करून 'अमक्याला अडकवा' म्हणतो, असं कधी घडत नाही असं नाही. पण तसा फोन आला तर तो हुकूम आहे हे तुला निदान ओळखता येईल. 'नक्की?' ओळखायला जास्त अवघड.

याचं सगळ्यात महागात पडलेलं उदाहरण अमेरिकेचं. ऑक्टोबर २००२ मध्ये तिथल्या गुप्तचर संस्थांनी मिळून इराकच्या शस्त्रांवर एक अहवाल तयार केला. इराकने ॲल्युमिनियमच्या नळ्या मागवल्या होत्या. सीआयएचं म्हणणं, या अणुबॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रांसाठी आहेत. अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातली माणसं, ज्यांना सेंट्रिफ्यूजची खडान् खडा माहिती, ती म्हणत होती की या नळ्यांची मापं साध्या तोफखान्याच्या रॉकेटशी जुळतात. परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागानेही आपली असहमती लिहून दिली. ती त्या अहवालात छापलेलीही होती. पण वरच्या पानांवरचे ठळक निष्कर्ष वेगळंच सांगत होते, आणि सगळा दस्तऐवज वाचण्याचे कष्ट फार थोड्या सेनेटरांनी घेतले. मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झालं. चालू अणुकार्यक्रम काही सापडला नाही. मग चौकश्या बसल्या. सिनेटच्या समितीने २००४ मध्ये आणि राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या सिल्बरमन-रॉब आयोगाने २००५ मध्ये अहवाल दिले. दबाव टाकून विश्लेषकांना निष्कर्ष बदलायला लावल्याचा पुरावा दोघांनाही मिळाला नाही. आयोगाने मात्र एक गोष्ट नोंदवली: रूढ समजुतीवर शंका घ्यायला उत्तेजन मिळेल असं वातावरण तिथे नव्हतं. म्हणजे वॉशिंग्टनमध्येही कोणीतरी दोनदा 'नक्की?' विचारलं असणार.

लंडनची तऱ्हा थोडी वेगळी. सप्टेंबर २००२ मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केलेल्या पुस्तिकेत होतं, की सद्दामची शस्त्रं ४५ मिनिटांत सज्ज होऊ शकतात. मूळ माहिती रणांगणावर वापरायच्या, कमी पल्ल्याच्या शस्त्रांबद्दलची. पुस्तिकेत तो खुलासा नव्हता, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी वाचकांची झोप उडवली. २००४ मध्ये लॉर्ड बटलर यांच्या समितीने त्यावर बोट ठेवलं. खोटं असं काही लिहिलेलं नव्हतं. मूळ कागदातल्या 'बहुधा', 'अमुक मर्यादेपर्यंत', 'एकाच स्रोताकडून' या शेपट्या वर जाताना गळाल्या होत्या. तू लिहिलेल्या शेपट्याही गळतील, म्हणून त्या वाक्याच्या शेवटी ठेवू नकोस. वाक्याची सुरुवातच त्यांनी कर.

आता दुसऱ्या बाजूने बघ. नळ्यांची मापं मला, पुण्यात बसलेल्या पेन्शनरला, माहीत कशी झाली? त्या देशांत खात्याबाहेरच्या कोणालातरी फाईल उघडायचा हक्क आहे, म्हणून. तो हक्क त्यांनाही फुकट मिळाला नाही. १९७५ मध्ये सेनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने सीआयए, एफबीआय, एनएसए यांची अंडीपिल्ली बाहेर काढली. मार्टिन ल्यूथर किंग यांना एफबीआयने १९६४ मध्ये पाठवलेलं निनावी पत्र, त्यांनी स्वतःला संपवावं असं सुचवणारं, त्या वेळी जगासमोर आलं. त्यानंतर दोन्ही सभागृहांत कायमच्या समित्या बसल्या आणि १९७८ मध्ये फोन ऐकण्यासाठी खास न्यायालयाची परवानगी लागेल असा कायदा झाला. ब्रिटनने आपल्या देशांतर्गत गुप्तचर खात्याला, एमआय-५ ला, १९८९ मध्ये आणि परदेशात काम करणाऱ्या एमआय-६ ला १९९४ मध्ये कायद्याच्या चौकटीत आणलं, सोबत खासदारांची समिती नेमली.

आपल्याकडे? आयबी आपला जन्म १८८७ चा सांगते, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. घटनेच्या सातव्या परिशिष्टात, केंद्राच्या यादीत आठव्या क्रमांकावर केंद्रीय गुप्तवार्ता व अन्वेषण विभागाचा उल्लेख आहे. पण त्या नोंदीच्या आधारे संसदेने आयबीसाठी कायदा करावा, असं आजवर कोणत्याच सरकारला वाटलेलं नाही. २१ सप्टेंबर १९६८ ला जन्मलेली, परदेशातली हेरगिरी बघणारी रॉ ही मंत्रिमंडळ सचिवालयाची एक शाखा म्हणून चालते, तिच्यासाठीही कायदा नाही. १९८५ चा एक कायदा तुला नक्की लागू होईल: संघटनेत जायचं नाही, वर्तमानपत्राशी बोलायचं नाही. तुझ्यावरच्या बंधनांचा कायदा आहे. तुझ्या खात्याने काय करावं आणि कुठे थांबावं, याचा नाही. माहिती अधिकारातूनही ही खाती बाहेर, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या तक्रारी तेवढ्या सोडून. उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी जानेवारी २०१० मध्ये, तेही रॉचे संस्थापक काव यांच्या स्मृतिव्याख्यानात, संसदीय देखरेखीची गरज बोलून दाखवली. २०११ मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी खासगी विधेयक मांडलं. खासगी विधेयकांचं जे होतं तेच त्याचं झालं. पुढे सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली, ती २०१६ मध्ये फेटाळली गेली. हा विषय निघाला की सगळे पक्ष गप्प बसतात. विरोधात असताना ओरडायचं आणि सत्तेत आलं की त्याच खुर्चीत बसून गुप्त अहवालांचा सकाळचा तोच लखोटा उघडायचा.

म्हणून मैत्रिणींपैकी कोणी एका पक्षाचं नाव घेतलं, तर तिला नेताजींच्या घरच्यांची हकीकत सांग. कोलकात्यातल्या वुडबर्न पार्क आणि एल्गिन रोडवरच्या बोस कुटुंबाच्या घरी येणाऱ्या पत्रांवर १९४८ ते १९६८, तब्बल वीस वर्षं नजर होती. पत्र उघडायचं, नक्कल करायची, पुन्हा चिकटवून पाठवायचं. त्यातली बहुतेक वर्षं पंडित नेहरूंच्या पंतप्रधानपदाची. २०१५ मध्ये जुन्या फायलींतून हे बाहेर आलं तेव्हा गदारोळ झाला, पण मला त्यातली वीस ही संख्या बोचली. एकदा सुरू झालेली पाळत कोणी बंद करत नाही, कारण बंद करण्याची सही करायला कोणीच पुढे येत नाही. उद्या काही घडलं तर? सुरू ठेवण्यात कोणाचं काही जात नाही. मी स्वतः अशा कितीतरी नोंदवह्या पुढे पुढे ढकललेल्या पाहिल्यात, ज्यातली माणसं म्हातारी होऊन अंथरुणाला खिळली होती.

आणीबाणीनंतर शहा आयोगाने यंत्रणांच्या राजकीय वापरावर बोट ठेवलं. आयबी आणि सीबीआयचा कारभार तपासायला जनता सरकारने एल. पी. सिंग समिती नेमली. तिचा अहवाल लोकांसमोर कधी आला नाही. मोरारजींचा राग रॉवर निघाला. काव गेले, त्यांच्या जागी आलेले शंकरन नायर काही महिन्यांत बाहेर पडले, खर्चाला कात्री लागली. हे मला त्या काळातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. कोणी काय केलं हे तटस्थपणे तपासणारी जागाच नसली, की नवं सरकार सगळ्या संस्थेवरच संशय घेतं आणि दोषी-निर्दोषी सरसकट भरडले जातात. ज्या अधिकाऱ्याने वाकायला नकार दिला होता, त्याच्याकडे तरी ते सिद्ध करायला काय होतं?

पुढची यादी भराभर सांगतो. ऑगस्ट १९८८: फोन टॅपिंगच्या प्रकरणात कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांचा राजीनामा. मार्च १९९१: राजीव गांधींच्या दिल्लीतल्या घराबाहेर हरियाणाचे दोन साध्या वेशातले पोलीस सापडले, काँग्रेसने रान उठवलं आणि चंद्रशेखर सरकार पडलं. दोन शिपायांनी देशाचं सरकार घालवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. अर्थात खरी कारणं त्यांच्याहून मोठी होती, पण निमित्त पाळतीचंच. २०१० मध्ये तर खुद्द अर्थमंत्री प्रणव मुखर्जींच्या कार्यालयात कसले तरी चिकट डाग सापडले आणि कोणी ऐकतंय का याची शंका आली. शेवटी ते च्युइंगम असल्याचं सांगण्यात आलं. असेलही. पण देशाच्या अर्थमंत्र्याला आपल्याच सरकारात ही शंका यावी, यातच सगळं आलं.

तू म्हणशील, फोन ऐकण्यावर तरी नियम आहेत ना? आहेत. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या १९९६ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते घालून दिले: गृहसचिवांचा लेखी आदेश, दोन महिन्यांची मुदत, वाढवली तरी सहा महिन्यांच्या वर नाही, आणि आढावा समिती. केंद्रात त्या समितीवर मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव. आदेश काढणारा सचिव, तपासणारेही सचिव. हे तिघे काय तपासू शकतात, याचा हिशोब न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी मांडलाय. मुंबई दंगलीच्या आयोगाचे तेच श्रीकृष्ण. २०१८ मध्ये विदासंरक्षणावरच्या (डेटा प्रोटेक्शन) त्यांच्या समितीने लिहिलं, की दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या या समितीपुढे प्रत्येक बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश असतात. बैठक न उठता सहा तास चालली असं धर. सहा तासांचे २१,६०० सेकंद. एका आदेशाला दीड सेकंदसुद्धा येत नाही. तेवढ्या वेळात आडनावही वाचून होत नाही. शिवाय नोंदी ठरावीक काळाने नष्ट करायच्या, असंही नियमातच आहे. तो नियम नागरिकाच्या खासगीपणासाठी आणि ते योग्यच. पण गैरवापराचा पुरावाही त्याच नियमाने जळतो.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सीबीआयच्या एका लाचप्रकरणात गृहखात्याने काढलेले तीन टॅपिंग आदेश रद्द केले, कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यातलं काहीच तिथे नव्हतं. हे घडू शकलं कारण प्रकरण कोर्टात पोचलं. लोक ईडी, सीबीआय आणि आयबी यांची एकच मोट बांधतात, तिथे त्यांची गफलत होते. ईडीने पकडलेला माणूस चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभा राहतो; वकील असतो, जामिनाचा अर्ज असतो, पेपरात बातमी असते. सीबीआयला 'पिंजऱ्यातला पोपट' सर्वोच्च न्यायालय २०१३ मध्ये म्हणू शकलं, कारण पोपट त्यांच्यासमोर होता. तुला अटकेचा अधिकार नसेल. तुझा कागद कधीच कोर्टात जाणार नाही. ज्याच्याबद्दल तू लिहिशील त्याला ते उभ्या जन्मात कळणार नाही, आणि पासपोर्ट का अडला, नेमणूक का हुकली, याचा तो तर्क करत बसेल.

आपल्या राज्यातलंही बघ. लोकप्रतिनिधींचे फोन भलत्याच नावांखाली, अमली पदार्थांचं कारण दाखवून ऐकले गेले, असा आरोप २०२१ मध्ये विधानसभेत झाला. २०२२ मध्ये पुण्यात आणि मुंबईत गुन्हे नोंदले गेले. मधे सरकार बदललं. सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते गुन्हे रद्द केले. आरोप खरा मानणाऱ्यांचं समाधान झालं नाही, आणि जिच्यावर आरोप होता ती बाजू म्हणते आम्हाला राजकारणापायी गोवलं. निवाडा दोन्ही बाजूंना पटेल अशी तिऱ्हाईत जागा असती, तर दोघांपैकी एकाची तरी सुटका झाली असती.

मी देखरेखीबद्दल इतकं लिहितोय ते तुझ्या खात्याला नावं ठेवण्यासाठी नाही. प्रशिक्षणात तुला कोणीतरी सांगेल, 'खासदारांना फाईल दाखवली की संध्याकाळी टीव्हीवर येते, आपला माणूस मारला जातो.' ही भीती खरी आहे, तिला हसू नकोस. म्हणून तर ब्रिटनमध्ये त्या समितीतले खासदार गोपनीयतेच्या कायद्याने बांधलेले असतात आणि चालू मोहिमांपासून त्यांना सहसा लांब ठेवतात. देखरेख म्हणजे कायमचा तोडगा, असंही समजू नकोस. समित्या, कायदे, न्यायालयं सगळं असलेल्या अमेरिकेत मे २०२५ मध्ये व्हेनेझुएलातल्या गुन्हेगारी टोळीबद्दलचा गुप्तचरांचा अंदाज सरकारच्या भूमिकेशी जुळला नाही, आणि त्यानंतर राष्ट्रीय गुप्तवार्ता परिषदेच्या प्रभारी प्रमुखांना घरी जावं लागलं. ऑगस्टमध्ये लष्करी गुप्तवार्ता संस्थेचे प्रमुख गेले. त्यांच्या संस्थेचा इराणवरच्या हल्ल्याबद्दलचा सुरुवातीचा अंदाज वरच्यांना रुचला नव्हता. आणि निवृत्त हेरही कमी नाहीत: ऑक्टोबर २०२० मध्ये ऐन निवडणुकीत ५१ माजी अधिकाऱ्यांनी उमेदवार जो बायडन यांचे चिरंजीव हंटर यांच्या लॅपटॉप प्रकरणात रशियाचा हात असल्याचा वास येतो, असं पत्र काढलं. पुरावा नाही हे त्यांनी त्यातच लिहिलं होतं, पण ती शेपटीही गळाली. फरक इतकाच, की हे सगळं तिथे आठवड्याभरात चव्हाट्यावर आलं आणि लोकांना आपलं मत बनवता आलं.

आपण मुंबईकरांचं काय केलं ते आठव. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समिती बसली, काही पानं वगळून का होईना अहवाल संसदेपुढे आला, त्यातून पुढे नव्या संस्था उभ्या राहिल्या. २६/११ नंतर? राज्य सरकारने राम प्रधान आणि रॉमधून निवृत्त झालेले व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. पण राज्याच्या समितीला दिल्लीच्या यंत्रणांची झडती कशी घेता येणार? १६६ माणसं गेली. कोणती सूचना कुठल्या टेबलावर किती दिवस पडून होती, याचा देशपातळीवरचा जाहीर हिशोब आजही नाही. तिथे राजकारण नव्हतं, निव्वळ ढिलाई असेल. पण पक्षपात आणि ढिलाई या दोघांनाही बंद खोलीच मानवते.

आता तुझ्यापुरतं. तुझे बहुतेक दिवस मैत्रिणी समजतात तसे नसतील. सीमेवरची घुसखोरी, परकीय हेर, दहशतवादी टोळ्यांचा पैसा, अफवा, पडताळण्या. त्यातलं नव्वद टक्के रटाळ आणि देशाला खरोखर लागणारं. वडील म्हणतात ते इतपत बरोबर आहे. उरलेल्या वेळी उपयोगी पडेल असं सांगतो. वहीत तीन रकाने पाड: दिसलं, कळलं, वाटलं. एका रकान्यातलं दुसऱ्यात जाऊ देऊ नकोस, आणि 'कळलं'पुढे कोणाकडून ते तुझ्यापुरतं लिहून ठेव. स्रोत सांगतो तेच तुझ्या साहेबांनाही ऐकायचं असेल, तर तो कागद एक रात्र तसाच ठेव. सकाळी वाच.

तोंडी हुकमाचं. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४, त्यातला तिसरा नियम पाठ कर. वरिष्ठांचे आदेश सामान्यतः लेखी असावेत. तोंडी द्यावाच लागला तर नंतर लेखी दुजोरा द्यावा. आणि असा दुजोरा मागणं हे कनिष्ठाचं काम आहे. काम आहे, उद्धटपणा नाही. मागायची रीत मात्र असते. "सर, आपण सकाळी सांगितल्याप्रमाणे अमुक काम सुरू करत आहे, कृपया पुष्टी व्हावी," अशी दोन ओळींची नम्र टिपणी वर पाठवायची. माझ्या अनुभवात अशा टिपणीनंतर अर्धी कामं आपोआप रद्द होतात. उरलेली खरी असतात.

'निवडणुकीचा कल काय?' हा प्रश्न येईलच. कायदा-सुव्यवस्थेच्या नावाखाली येईल. कुठे तणाव आहे, कुठे दोन गट भिडतील, हे तुझं काम. कोण जिंकेल हे नाही. प्रश्न आलाच तर उत्तर तणावापुरतं दे. विचारणारा दोनदा विचारेल, तिसऱ्यांदा दुसऱ्या कोणाला विचारेल. तुझी बदली गैरसोयीच्या ठिकाणी होऊ शकते. हे गोड करून सांगत नाही. माझ्या त्या हवालदाराला कोणी शिक्षा केली नाही, फक्त गोपनीयमधून काढून नाकाबंदीला लावलं. त्याच्या जागी आलेल्याला मोजायचा कंटाळा होता, आणि सगळे खूश होते. पुढे एका मोर्चाला त्याच्या आकड्यावर बंदोबस्त लावला गेला, माणसं तिप्पट आली, आणि दगडफेकीत आमचेच सात जण दवाखान्यात गेले. त्या रात्री साहेबांनी जुन्या हवालदाराची चौकशी केली होती.

रुजू व्हायच्या आधी एकदा ये. टेलिफोन टॅपिंगचा १९९६ चा निकाल आणि खासगीपणाच्या हक्कावरचा २०१७ चा नऊ न्यायमूर्तींचा, दोन्ही छापून ठेवलेत. दुसरा पाचशे पानांच्या वर जातो, तेव्हा पिशवी आण.

तुझा,
सर

ता. क. निवृत्तीनंतर माझ्यासारखं काहीबाही लिहायची हौस असेल, तर पेन्शन नियमांतली मे २०२१ ची दुरुस्ती आत्ताच बघून ठेव. गुप्तचर खात्यातून निवृत्त झालेल्याला खात्याच्या विषयावर काही छापायचं तर खातेप्रमुखाची आगाऊ परवानगी लागते, नाहीतर पेन्शन अडकू शकते. मला तो नियम लागू नाही, म्हणून हे पत्र एवढं लांबलं.